सोबत आणि कैफियत : विद्यार्थी-स्वयंसेवकाच्या घडणीचा इतिहास

१

१९१७ साली बाबासाहेब आंबेडकर बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. अमेरिकेतील आणि लंडनमधील शिक्षण त्यांच्या पाठीशी होते, संस्थानातील अधिकाराची जागा होती, पण राहायला खोली नव्हती. अखेर पारशी नाव नोंदवून ते एका पारशी पथिकाश्रमात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहाबारा पारशी दाराशी आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेले. बाबासाहेबांचे त्या शहरात दोन मित्र होते. एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. ते दोघांकडेही गेले. एकाने घरातल्या नोकरांची अडचण सांगितली, दुसऱ्याने बायकोची. मग कामाठी बागेत बसून त्यांनी उरलेला वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. हे सारे त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लिहून ठेवले आहे.

अस्पृश्यतेच्या क्रौर्याचा पुरावा म्हणून हा प्रसंग आपण नेहमी सांगतो, आणि ते योग्यच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही. त्या बागेत त्यांच्याशेजारी येऊन बसणारे कोणी नव्हते, आणि त्यांच्या वतीने उठून दरबाराच्या दारात जाणारेही कोणी नव्हते. एक होती सोबत, दुसरी होती कैफियत. एवढ्या शिकलेल्या माणसालाही त्या दिवशी दोन्ही मिळाल्या नाहीत.

हा प्रसंग आज आठवण्यास कारण आहे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील महाविद्यालयांत विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांना आधार द्यावा यासाठी स्वयंसेवक तयार करण्याच्या कार्यशाळा अलीकडे होऊ लागल्या आहेत. समवयस्कांचा आधार असे त्याला नाव आहे. ही कल्पना बाहेरून आलेली, मानसशास्त्राच्या पुस्तकातली, असे आपल्यातील पुष्कळ शिक्षक आणि कार्यकर्ते मानतात. काही जण तिचे कौतुक करतात, काही जण तिच्याकडे संशयाने पाहतात. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट विसरली जाते. शिकणाऱ्याने शिकणाऱ्यासाठी उभे राहणे ही दलित चळवळीची जुनी रीत आहे. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्या इतिहासाने आपल्याला काय शिकवले आणि काय शिकवायचे राहिले, याचा हिशेब मांडल्याशिवाय आजच्या कार्यशाळांचे मोल ठरवता येणार नाही.

२

या इतिहासाची सुरुवात वसतिगृहापासून करावी लागते. प्राथमिक शाळा कशीबशी गावात असे, पण इंग्रजी शाळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी. अस्पृश्याच्या मुलाला तेथे भाड्याने खोली देणार कोण? म्हणजे शाळेची फी माफ झाली तरी शिक्षणाचा रस्ता राहण्याच्या जागेपाशी अडत होता. हे ज्यांनी ओळखले त्यांनी आधी वसतिगृहे काढली. शाहू महाराजांच्या काळात १९०८ साली कोल्हापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह उभे राहिले. २० जुलै १९२४ रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि पुढच्याच जानेवारीत सभेने सोलापूरला वसतिगृह सुरू केले. मुंबईत सभेने मोफत वाचनालय चालवले, तरुणांसाठी हॉकीचा क्लबही काढला. सोलापूरच्या वसतिगृहातील मुलांनी ‘सरस्वती विलास’ नावाचे मासिक चालवले होते. ही नोंद लहान दिसते, परंतु तिचा अर्थ मोठा आहे. ज्या मुलांच्या घरात पाटी प्रथमच आली होती ती मुले एकमेकांसाठी लिहीत होती.

१९२८ साली बाबासाहेबांनी डिप्रेस्ड क्लासेस एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. तिच्यामार्फत चाललेल्या वसतिगृहांत पनवेल, पुणे, नाशिक, धारवाड यांच्याबरोबर ठाण्याचेही नाव आहे. ठाण्याला पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी आली, हे येथील शाळकरी मुलालाही पाठ असते. आपल्या माणसांच्या मुलांसाठी येथे वसतिगृह होते, हे मात्र आपल्याच पदवीधरांना ठाऊक नसते.

वसतिगृहात नेमके काय घडत असे? कोणी मार्गदर्शक नेमलेला नसे, कोणाला समुपदेशनाचे प्रमाणपत्र नसे. वरच्या वर्गातला मुलगा खालच्या वर्गातल्या मुलाला दोन गोष्टी देत असे. पहिली म्हणजे सोबत. आजारी पडला तर उशाशी बसणे, शाळेतून अपमानित होऊन आला तर ‘माझ्या बाबतीतही असेच झाले होते’ एवढे सांगणे. दुसरी म्हणजे माहिती. शिष्यवृत्तीचा अर्ज कोठे मिळतो, त्यावर सही कोणाची लागते, हेडमास्तरांपुढे कसे उभे राहायचे, साहेबाला पत्र लिहिताना आरंभ कसा करायचा. ही माहिती सवर्णाच्या घरात बाप, चुलता, शेजारी देत असतो. तिला तेथे कोणी माहितीही म्हणत नाही, इतकी ती हवेत असते. आपल्या मुलाला ती बोर्डिंगातल्या थोरल्या भावाकडून मिळाली. बोर्डिंग म्हणजे केवळ छप्पर आणि दोन वेळचे जेवण नव्हते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला तेथे दुसरे घर मिळत होते.

हा इतिहास बहुतांशी मुलांचा आहे, हेही येथे कबूल केले पाहिजे. मुलींसाठी असे दुसरे घर फार थोड्या ठिकाणी होते. नागपुरात जाईबाई चौधरी यांनी मुलींच्या शिक्षणासाठी शाळा काढली, नाशिकला शांताबाई दाणी यांनी मुलींसाठी वसतिगृह चालवले. या स्त्रियांनी काय सोसले आणि काय उभे केले हे १९८९ साली ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’मध्ये नोंदवले तेव्हा कोठे आपल्या वाचकांना कळले. ज्यांना सोबतीची गरज सर्वांत अधिक, त्यांची नोंद सर्वांत उशिरा झाली.

३

वसतिगृहाने सोबत दिली, तर कैफियतीचे शिक्षण महाडने दिले. महाड परिषद भरवण्यात ज्यांचा पुढाकार होता त्या रामचंद्र बाबाजी मोरे यांची लहानपणची हकीकत प्रत्येक महाविद्यालयात सांगावी अशी आहे. महाडच्या इंग्रजी शाळेने अस्पृश्य म्हणून या हुशार मुलाला प्रवेश नाकारला. त्याने वर्तमानपत्राकडे पत्र धाडले. ते छापून आले, बोभाटा झाला, आणि शाळेला त्याला घ्यावे लागले. पुढे हेच मोरे महाडच्या परिषदेचे संघटक झाले आणि नंतर कम्युनिस्ट चळवळीत गेले. पत्र लिहिणाऱ्या त्या मुलापासून परिषद भरवणाऱ्या तरुणापर्यंतचा प्रवास म्हणजेच विद्यार्थी-कार्यकर्त्याची घडण होय. आधी स्वतःची कैफियत, मग सर्वांची.

१९ आणि २० मार्च १९२७ च्या परिषदेनंतर चवदार तळ्याचे पाणी घेऊन परतलेल्या लोकांवर हल्ला झाला. पलटणीत काम केलेले पुष्कळ महार परिषदेला आले होते. मनात आणते तर त्यांना प्रत्युत्तर देता आले असते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले, आणि ते आवरले गेले. हल्लेखोरांवर खटला होऊन काहींना शिक्षा झाली. डिसेंबरातील सत्याग्रहासाठी स्वयंसेवक नोंदवताना त्यांच्याकडून प्रतिज्ञा घेण्यात आली. जन्मावर आधारलेले चातुर्वर्ण्य मानणार नाही, जातिभेद मानणार नाही, अस्पृश्यता नष्ट करण्यासाठी प्रामाणिक प्रयत्न करीन, खाण्यापिण्यातील भेद पाळणार नाही, देवळे, पाणवठे, शाळा यांवर अस्पृश्यांचा समान हक्क मानीन, असा तिचा आशय होता. ही प्रतिज्ञा बारकाईने पाहिली तर तिचा रोख विरोधकाइतकाच स्वयंसेवकाकडेही आहे हे ध्यानात येते. इतरांचे मन बदलण्यापूर्वी त्याने स्वतःच्या मनातली जात काढायची होती. त्यात महाराने मांगाशी आणि चांभाराने महाराशी जो भेद पाळला तोही आला. स्वयंसेवकाच्या प्रशिक्षणाचा पहिला धडा त्याच्या स्वतःवरचा होता. आज ‘पूर्वग्रह ओळखा’ या नावाने कार्यशाळांत जो तक्ता भिंतीवर लावतात, तो धडा महाडला १९२७ सालीच घेतला गेला होता, आणि तक्त्याच्या भाषेपेक्षा सोप्या भाषेत.

त्याच डिसेंबरात सनातन्यांनी दिवाणी न्यायालयातून तळ्याविषयी मनाईहुकूम मिळवला. सत्याग्रहासाठी लोक जमले होते, उत्साह शिगेला होता. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. मनुस्मृती जाळली गेली, परंतु तळ्याचा प्रश्न कागदावर गेला. उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ रोजी लागला. पाणी प्यायला ओंजळभर वेळ लागला होता. त्या ओंजळीचा हक्क कागदावर यायला दहा वर्षे लागली. आपल्या तरुणांना मोर्चाचा दिवस आठवतो. त्यानंतरची दहा वर्षे कोणी तारखा सांभाळल्या, कोणी साक्षीदार उभे केले, कोणी दस्तऐवज जपले, हे आठवत नाही. कैफियत मांडणे म्हणजे आवाज चढवणे नव्हे. कागदाची चिकाटी हाही लढ्याचाच भाग आहे.

समता सैनिक दलाने पुढे स्वयंसेवकाला शिस्त दिली, गणवेश दिला. जुलै १९४२ मध्ये नागपूरला भरलेल्या अधिवेशनात दलाची स्वतंत्र परिषद झाली, स्त्रियांचीही झाली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ठाणे-कल्याणकडच्या मुलांना रेल्वेच्या पासावर पदवी घेण्याची वाट त्यामुळे दिसू लागली.

दूर अमेरिकेतही अशीच एक वाट निघाली होती. दक्षिण कॅरोलिनातील जॉन्स बेटावर १९५७ साली नागरिकत्वाची शाळा सुरू झाली. कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार मिळवण्यासाठी वाचता-लिहिता येणे सक्तीचे होते. तेथे शिकवायला बर्नीस रॉबिन्सन या केशभूषा करणाऱ्या बाईंना नेमण्यात आले. त्या पदवीधर शिक्षिका नव्हत्या, हेच त्यांच्या निवडीचे कारण होते. शिकणाऱ्यांना त्या आपल्यातल्या वाटत. मतदार-नोंदणीचा अर्ज, टपालाची मागणी, दुकानाची यादी, हीच त्या शाळेची क्रमिक पुस्तके होती. शेजारी बसून धीर देणे आणि अर्ज भरायला शिकवणे ही तेथे एकच क्रिया होती. बोर्डिंगातल्या थोरल्या भावाने जे केले ते हेच.

४

आता हिशेबाची दुसरी बाजू. आपल्या चळवळीने तरुणांना उभे राहायला, बोलायला, चालून जायला शिकवले. ऐकायला मात्र पुरेसे शिकवले नाही. १९७२ साली दलित पँथर आली आणि तिने एका पिढीच्या तोंडात शब्द दिले. १९७८ साली विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केल्यावर मराठवाड्यात जे अत्याचार झाले, त्यानंतर नामविस्तारापर्यंत, म्हणजे १४ जानेवारी १९९४ पर्यंत, हजारो विद्यार्थी या लढ्यात उतरले. तुरुंगात गेले, परीक्षा बुडाल्या, नोकऱ्यांची वये निघून गेली. त्यांचा त्याग आपण भाषणात सांगतो. लढा संपल्यावर त्यांच्यातल्या कित्येकांच्या रात्री कशा गेल्या, हे विचारायची व्यवस्था आपल्या एकाही संघटनेत नव्हती.

शिकणाऱ्या दलित मुलाचा एकटेपणा आपल्या साहित्याने सांगितला. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली. त्यानंतर आत्मकथनांची रांग लागली. त्यांतील शाळा, बोर्डिंग, उपास, लाज आणि न्यूनगंड यांची पाने वाचली म्हणजे वाटते, ही माणसे इतकी वर्षे कोणाजवळ बोलली नव्हती काय? बैठकीत ज्याला दुबळेपणा म्हटले गेले असते ते त्यांनी पुस्तकात लिहिले. बैठकीने जे ऐकून घ्यायला हवे होते ते वाचकाने ऐकले. साहित्याचा हा मोठेपणा आहे, तसा चळवळीवरचा तो ठपकाही आहे.

या न ऐकण्याची किंमत आपण मोजली आहे. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात रोहित वेमुला याने आत्महत्या केली. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. ती आदिवासी भिल्ल समाजातली, घरातल्या पहिल्या पिढीची डॉक्टर. १२ फेब्रुवारी २०२३ रोजी पवईच्या आय.आय.टी.मध्ये पहिल्या वर्षाचा दर्शन सोळंकी गेला. या मृत्यूंची कारणे आणि खटले वेगवेगळे आहेत. त्यांना एकाच साच्यात कोंबणे बरे नाही. परंतु प्रत्येक वेळी एक प्रश्न उरतो : शेजारच्या खोलीतल्या, शेजारच्या बाकावरच्या कोणाला काय ठाऊक होते, आणि ठाऊक असल्यास पुढे काय करायचे हे त्याला कोणी शिकवले होते काय?

शासनाने कागद तयार केले आहेत. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाविषयी सुखदेव थोरात समितीचा अहवाल २००७ साली आला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ साली समतेविषयीचे विनियम काढून समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी यांची तरतूद केली. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आणि मानसिक आरोग्य या प्रश्नावर राष्ट्रीय कृतिगट नेमला. कक्षाची पाटी दारावर लावणे सोपे असते. त्या दारापर्यंत घाबरलेल्या मुलीबरोबर चालत जाणारे कोणी असावे लागते.

५

ठाणे जिल्ह्यात ऐकण्याचे शिक्षण देणारी परंपरा वेगळ्या वाटेने आली. येथील मनोरुग्णालय विसाव्या शतकाच्या आरंभीचे. त्याच्या नावावरून एकमेकांची टर उडवणे ही मुंबई-ठाण्याची जुनी खोड. त्याच ठाण्यात १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ ही संस्था सुरू केली आणि सामान्य नागरिकांना प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक म्हणून कामात घेतले. डॉक्टर नसलेला माणूसही नीट ऐकू शकतो, हा विचार जगात १९५३ सालापासून लंडनच्या समॅरिटन्स संस्थेमुळे रूढ झाला होता. ठाण्याने तो मराठीत आणला. हे काम मोलाचे आहे. ते मध्यमवर्गाचे म्हणून बाजूला सारण्याचा करंटेपणा आपण करू नये.

याच शहरात समता विचार प्रसारक संस्थेने दुसरे टोक धरले. झोपडपट्टीत राहून, काम करून दहावी पास होणाऱ्या मुलामुलींचा ‘एकलव्य’ म्हणून गौरव करण्याचा उपक्रम ती संस्था नव्वदच्या दशकापासून चालवीत आली आहे. पहिल्या आलेल्या मुलाचा सत्कार सगळेच करतात. पंचेचाळीस टक्के मिळवणाऱ्या सफाई कामगाराच्या मुलीला मंचावर बोलावणे याला निराळी दृष्टी लागते. त्या एकलव्यांतून पुढे कार्यकर्ते निघाले.

या दोन वाटा एकाच गावात आहेत, पण आमच्या महाविद्यालयांच्या कार्यशाळांत त्या अद्याप एकत्र आलेल्या नाहीत. एक अनुभव सांगतो. मी पाहिलेल्या एका दोन दिवसांच्या प्रशिक्षणात ऐकून घेणे, मध्ये न बोलणे, सल्ला न लादणे, गुप्तता पाळणे हे सारे चांगल्या रीतीने शिकवले गेले. त्यानंतर महिन्याभराने स्वयंसेवक झालेली एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. पहिल्या वर्षाची एक मुलगी तिच्याजवळ रडली होती. झोप येत नव्हती, कॉलेज सोडायचे म्हणत होती. स्वयंसेविकेने तिला दीर्घ श्वास घ्यायला शिकवले. खरी गोष्ट अशी होती की त्या मुलीचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज एका कागदासाठी परत आला होता, तो परत आल्याचे तिला कोणी सांगितले नव्हते, आणि खिडकीवर तिच्याकडे पूर्ण फी मागितली जात होती. शिष्यवृत्तीपात्र विद्यार्थ्यांकडून प्रवेशाच्या वेळी अशी फी घेऊ नये, असे शासनाचे आदेश आहेत. स्वयंसेविका म्हणाली, “सर, मी तिचं सगळं ऐकून घेतलं. पण पुढं काय करायचं ते आम्हाला शिकवलंच नव्हतं.”

तिचे काही चुकले नव्हते. चूक आमची, शिकवणाऱ्यांची होती. खिडकीवरचा अन्याय आम्ही त्या मुलीच्या मनातला आजार करून टाकला होता. दुःखाचे कारण व्यवस्थेत असताना औषध फक्त मनाला द्यायचे, ही एक नवी फसवणूक होऊ शकते. तिला सभ्य भाषा असते, म्हणून ती लवकर ओळखू येत नाही.

उलट टोकाचेही पाहिले आहे. एका प्रकरणात आमच्याच कार्यकर्त्यांनी अपमान झालेल्या मुलीचे नाव फलकावर लिहिले, घोषणा दिल्या, निवेदन दिले. तिला विचारले नव्हते. घरच्यांनी तिचे शिक्षण बंद केले. कैफियत बरोबर होती, पण सोबत नव्हती. आम्हाला निवेदनाची प्रत मिळाली, मुलगी मिळाली नाही.

६

येथे ठाणे-कल्याणची एक खास अडचण लक्षात घेतली पाहिजे. आमचा विद्यार्थी वसतिगृहात राहत नाही, तो लोकलमध्ये राहतो. कसारा, आसनगाव, टिटवाळा, बदलापूर येथून तो कल्याणला, डोंबिवलीला, ठाण्याला येतो. सकाळचे तास संपले की गाडी पकडतो, कारण दुपारी त्याला दुकानात, गोदामात किंवा शिकवणीला जायचे असते. कल्याणला बिर्ला महाविद्यालय १९७२ साली सुरू झाले. अशी महाविद्यालये जवळ आली, त्यामुळे मुंबईपर्यंतची पायपीट कमी झाली, हे भाग्यच. परंतु त्याबरोबर बोर्डिंगातला थोरला भाऊही गेला. वरच्या वर्गातला मुलगा आणि खालच्या वर्गातला मुलगा एकाच फलाटावर उभे असतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. मोहोने, वागळे इस्टेट, शहाड येथल्या कारखान्यांच्या काळात कामगार वस्तीत जी एकत्र बैठक होती तीही विरळ झाली. वसतिगृहात जे आपोआप घडत असे, ते आता जाणीवपूर्वक घडवावे लागेल. प्रशिक्षणाची गरज येथून निर्माण होते.

ते प्रशिक्षण कसे असावे? माझ्या मते त्याचे तीन भाग असावेत आणि ते कधीही तोडू नयेत.

पहिला भाग ऐकण्याचा. त्यात महाडच्या प्रतिज्ञेप्रमाणे स्वतःपासून आरंभ व्हावा. समोरच्याचे आडनाव ऐकताच माझ्या मनात काय हलते, हे स्वयंसेवकाने आधी पाहावे. बौद्ध मुलाला मातंग, वाल्मीकी, कातकरी मुलाचे ऐकता आले पाहिजे. मुलाला मुलीचे ऐकता आले पाहिजे, आणि केव्हा आपण बाजूला होऊन मैत्रिणीला बोलवावे हेही कळले पाहिजे.

दुसरा भाग कागदाचा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र यांत फरक काय, उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, शिष्यवृत्तीचा अर्ज कोणाच्या टेबलावर अडतो, वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे, तक्रार लेखी द्यायची, पोच घ्यायची, पोचेवर तारीख पाहायची. हे शिकवायला मानसतज्ज्ञ लागत नाही. गेल्या वर्षी ज्याचा अर्ज परत आला होता तोच विद्यार्थी याचा उत्तम शिक्षक.

तिसरा भाग उभे राहण्याचा आणि थांबण्याचा. दारापर्यंत बरोबर जावे, बोलणे शक्यतो तिचे तिलाच बोलू द्यावे, ती अडखळली तर वाक्य पुरे करावे. तिच्या संमतीवाचून तिची कैफियत चव्हाट्यावर मांडू नये. आणि जेथे जीव संपवण्याची भाषा येईल तेथे स्वयंसेवकाने शूर होऊ नये. तेथे गुप्ततेचे वचन लागू नाही, हे त्याने पहिल्या भेटीतच सांगून ठेवावे. त्या विद्यार्थ्याला एकटे सोडू नये, विश्वासाच्या शिक्षकाला आणि डॉक्टरला लगेच सामील करून घ्यावे. १४४१६ हा शासनाचा टेलि-मानस दूरध्वनी ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, तो प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असावा. वीस वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर दुसऱ्याच्या मरणाचे ओझे टाकणे हा त्याच्यावरचा अन्याय होईल. स्वयंसेवकाचेही कोणी ऐकले पाहिजे. आठवड्यातून एकदा त्यांनी आपसात बसावे.

राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली आणि तिने लाखो विद्यार्थ्यांना खेड्यात नेले. तिचे ऋण मान्य करूनही एक फरक सांगितला पाहिजे. सेवेत सेवा करणारा आणि सेवा घेणारा असे दोन असतात. आपल्या परंपरेत ते दोन नाहीत. काल ज्याच्याबरोबर कोणी खिडकीपर्यंत चालले तोच आज दुसऱ्याबरोबर चालतो. म्हणून येथे उपकार नाही, परतफेड आहे.

शेवटी एक सूचना. हे प्रशिक्षण जेथे जेथे सुरू होईल तेथे स्वयंसेवकांना पहिला अभ्यास असा द्यावा : आपल्या वस्तीतल्या, वसतिगृहात राहून शिकलेल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाकडे जायचे आणि त्याचे दोन तास ऐकायचे. कल्याणच्या रेल्वे वसाहतींत राहिलेले, अंबरनाथच्या दारूगोळा कारखान्यात काम केलेले, शाळा-कचेऱ्यांतून निवृत्त झालेले असे लोक अजून आहेत. त्यांना विचारायचे, तुमचा पहिला अर्ज कोणी लिहून दिला? तुम्ही रडलात तेव्हा जवळ कोण होते? उत्तर मध्येच तोडायचे नाही, आणि घरी आल्यावर ते लिहून काढायचे. ऐकण्याचा सराव त्यातच होईल, कागदाचाही होईल. आणि ठाण्याच्या वसतिगृहापासूनचा जो इतिहास कोणत्याही पुस्तकात नीट आलेला नाही, त्याची चार पाने तरी आपल्या हाती राहतील. ही माणसे फार दिवस थांबणार नाहीत. जूनमध्ये महाविद्यालये उघडली की हे काम सुरू करता येईल.